सूर्य झाकून आभाळ मोजताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला बेळगावच्या आभाळातून येणारा विखुरलेला उजेड मोजायचा होता. सूर्याकडून थेट येतं ते ऊन, आणि हवेत, धुळीत, ढगांत विखरून चहूबाजूंनी येतो तो हा उजेड. कलत्या सोलर पॅनेलवर किती ऊर्जा पडेल हे काढताना दोघांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. आणि आमच्याकडे पावसाळ्यात बराचसा वाटा या विखुरलेल्याचाच.

विभागात दोन पायरॅनोमीटर, म्हणजे आभाळभरातून येणारी सौर ऊर्जा मोजणारी यंत्रं, होते. एक उघडा ठेवायचा, दुसऱ्यावर फक्त सूर्यापुरती सावली धरायची. त्यासाठी सूर्यामागे फिरणारा ट्रॅकर सर्वात चांगला, पण तो आमच्या आवाक्याबाहेर. मग जुना मार्ग धरला: सावलीचं कडं, म्हणजे सूर्याच्या दिवसभराच्या वाटेवर धरलेली पट्टी. पुण्याच्या हवामान खात्यात हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांनी १९५७-५८ च्या सुमारास देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रं उभी केली आणि उपकरणं इथंच बनवण्याचा आग्रह धरला, हे वाचलं होतं. त्यानं धीर आला. मी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन गेले.

"पट्टी वाकवायला काय, धा मिन्टं लागतंय," तिथले काका म्हणाले, "पर गोल बरोबर पायजे न्हवं तुला?" त्यांनी तीनदा रोलरमधून काढून तीस सेंटिमीटर त्रिज्या अचूक आणून दिली. पट्टीची रुंदी सहा सेंटिमीटर. आतून चकाकी नसलेला काळा रंग मी दिला.

आधी आठवडाभर दोन्ही यंत्रं अनगोळातल्या आमच्या गच्चीवर शेजारी शेजारी उघडी ठेवली. एक दुसऱ्यापेक्षा दोन टक्के कमी दाखवत होतं. हे न तपासता पुढं गेले असते तर तो फरक विखुरलेल्या उजेडाच्या नावावर चढला असता. पाण्याची टाकी आभाळ अडवत होती, म्हणून आईच्या मदतीनं स्टँड गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेला.

कड्याचा अक्ष खऱ्या उत्तर-दक्षिणेत हवा. गच्चीच्या सळ्यांमुळे होकायंत्र भरकटत होतं, तेव्हा ओळंबा टांगून त्याची सावली घेतली. घड्याळ ८२.५ रेखांशाचं, बेळगाव ७४.५ वर, त्यात फेब्रुवारीतली सूर्याची चाल धरली तर इथली खरी दुपार, म्हणजे सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते ती वेळ, १२ वाजून ४६ मिनिटांनी होते. त्या मिनिटाला गच्चीवर सावलीवरून खडूनं रेघ मारली.

मार्चमध्ये सूर्य रोज साधारण ०.४ अंश उत्तरेला सरकतो, म्हणजे माझं कडं रोज दोन मिलिमीटर सरकवायला हवं. पायरॅनोमीटरवरच्या काचेच्या घुमटाचा व्यास पाच सेंटिमीटर, म्हणून दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटरचीच मोकळीक. खानापूरला लग्नासाठी चार दिवस गेले आणि परतले तर घुमटाच्या कडेला उन्हाची कोर. शेवटच्या दोन दिवसांच्या नोंदी टाकून दिल्या.

रात्रीच्या आकड्यांनी मात्र मला फार छळलं. निरभ्र रात्री डेटालॉगर, म्हणजे आकडे आपोआप नोंदणारं यंत्र, दर चौरस मीटरला उणे चार वॅट दाखवी. तारा तपासल्या, जोड पुन्हा केले, काही फरक नाही. शेवटी उमगलं की वरचा घुमट थंड आभाळाकडे उष्णता सोडत गार होतो आणि आतल्या थर्मोपाइलची, म्हणजे तापमानातल्या फरकावरून ऊन मोजणाऱ्या भागाची, उष्णता ओढून घेतो. दिवसाही हे चालूच असतं. एकूण उन्हाच्या ९०० वॅटमध्ये चार वॅटांचं कुणाला काही वाटणार नाही, पण निरभ्र दिवशी विखुरलेला उजेड ऐंशी-शंभर वॅटच असतो. तिथं ती चार-पाच टक्क्यांची चूक होते. आता रात्रीची सरासरी काढून दिवसाच्या आकड्यांत ती तूट भरून काढते. ही दुरुस्ती अंदाजीच आहे, पण न करण्यापेक्षा बरी.

कडं सूर्याबरोबर आभाळाचा एक पट्टाही झाकतं, तो उजेड परत जमा करावा लागतो. माझ्या मापांसाठी सूत्रातून जुलैचा गुणक १.१२ आला, मार्चचा १.१४. तो बरोबर आहे हे कशावरून? याचं उत्तर आमच्या पावसाळ्यानंच दिलं. जुलैच्या ज्या दिवशी ढग इतके दाट असतात की कशाचीच सावली पडत नाही, त्या दिवशी थेट ऊन शून्य. दोन्ही यंत्रांनी एकच आकडा दाखवायला हवा. असे सहा दिवस निवडले. गुणक लावूनही सावलीतलं यंत्र टक्का-दीड टक्का कमीच राहिलं. सूत्र सगळं आभाळ सारखंच उजळ धरतं, पण दाट ढगांत माथ्यावरचा भाग क्षितिजापेक्षा जास्त उजळ असतो, आणि जुलैत आमचं कडं नेमकं माथ्यावरून जातं. निरभ्र दिवशी गोष्ट वेगळी, तेव्हा सूर्याभोवतीचा झगझगीत भाग पट्टीखाली जातो आणि तूट आणखी वाढते.

तो उरलेला टक्का मी गुणकात मुरवला नाही. वहीत कच्चा आकडा, रात्रीची दुरुस्ती, गुणक आणि आभाळ कसं होतं हे चार रकाने वेगळे ठेवलेत. आता सप्टेंबर लागलाय, सूर्य पुन्हा भराभर दक्षिणेला सरकतोय, आणि दर दोन दिवसांनी मी पाना घेऊन गच्चीवर जाते.