पापणीतली गाठ काढून घेतली

वरच्या पापणीला सूज आली तेव्हा घरात सगळ्यांनी एकच निदान केलं, रांजणवाडी. सासूबाईंनी लगेच लवंग उगाळून आणली. मी लावू दिली नाही, कारण लवंग डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होऊ शकते. गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याचा शेक मात्र सुरू केला. दुखणं गेलं, लालीही गेली. गाठ राहिली. बोटाला घट्ट लागायची, वाटाण्याएवढी, आणि जराही दुखत नव्हती.

दुखत नाही तर राहू दे, असं जो तो म्हणत होता. पण त्या डोळ्याने अक्षरं धूसर दिसायला लागली, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पापणी उलटवून पाहिली आणि सांगितलं, हे चॅलेझिऑन आहे. पापणीच्या आत तेलाच्या ग्रंथी उभ्या, शेजारी शेजारी असतात. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40. त्यांचं तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून डोळा चटकन कोरडा पडत नाही. एखाद्या ग्रंथीचं तोंड बंद झालं की तेल आत साचतं, आजूबाजूला झिरपतं आणि तिथे गाठ धरते. हा जंतूंचा फोड नसल्यामुळे नुसत्या अँटिबायोटिकने ती विरघळत नाही. माझी गाठ बुबुळावर दाब देत होती, त्यामुळे तात्पुरता सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा न राहिल्याने येणारा चष्म्याचा नंबर, आला होता.

आधी शेकच द्यायचा होता. दिवसातून तीन-चार वेळा, दहा दहा मिनिटं, आणि नंतर पापणीच्या केसांच्या दिशेने हलका मसाज. बऱ्याच जणांची गाठ एवढ्यानेच जाते, त्यामुळे कुणी पहिल्याच भेटीत कापायचं म्हटलं तर मी तरी थांबून विचारेन. माझी मात्र हटली नाही. गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याचाही पर्याय होता, पण गाठ जुनी आणि कडक झाल्याने छोटी शस्त्रक्रियाच ठरली. आधी साखर आणि बीपी पाहिलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, दाताच्या वेळी भूल दिली तेव्हा काही त्रास झाला होता का, हेही विचारलं.

डोळ्याजवळ सुरी येणार या विचाराने रात्री झोप लागली नव्हती. प्रत्यक्षात दुखलं ते भुलेचं इंजेक्शन. आधी डोळ्यात थेंब घातले होते, तरी पापणीत सुई गेल्यावर आग झाली, पापणी ताणल्यासारखी झाली आणि दुसऱ्या डोळ्यातूनही पाणी आलं. सिस्टर म्हणाल्या, "ताई, श्वास रोखू नका, सोडा." थोड्याच वेळात पापणी बधिर झाली. मग चिमटा लावला. त्याच्या एका बाजूला चपटी पट्टी, दुसऱ्या बाजूला गोल कडी. त्यात गाठ पकडून पापणी उलटवतात, रक्तही कमी येतं. छेद आतून आणि उभा घेतात. ग्रंथी उभ्या असल्यामुळे शेजारच्या कापल्या जात नाहीत, बाहेर व्रण दिसत नाही आणि टाकेही लागत नाहीत. मग इवल्या चमच्याने आतला ऐवज खरवडून काढला. मला फक्त ओढल्यासारखं जाणवलं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं.

पट्टी काही तासांनी काढायची होती. गाडी चालवायला सोबत माणूस लागतोच. पट्टी काढल्यावर लालसर पाणी आलं, पापणी जांभळी पडली होती, मलम घातल्यावर धूसर दिसायचं. आणि हे आधी कुणीतरी सांगायला हवं: पुढचे काही दिवस हाताला गाठ लागतच राहते. ती सूज असते, हळूहळू उतरते. नंतर डोळे तपासले तेव्हा तो सिलिंड्रिकल नंबरही गेला होता.

जाताना मी विचारलं, काढलेलं तपासायला पाठवायचं का? डॉक्टर म्हणाले, तुमचं वय आणि गाठीचं रूप पाहता गरज नाही. पण उतारवयात त्याच जागी गाठ पुन्हा आली किंवा तिथले पापणीचे केस गळायला लागले, तर तुकडा तपासायलाच हवा. तेलग्रंथीचा कर्करोग कधी कधी अगदी अशाच गाठीसारखा दिसतो, आणि पापणीच्या कर्करोगांत आपल्याकडे त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे.

हे ऐकताना मला मावशी आठवली. साठी उलटलेली, आणि एकदा काढलेली गाठ त्याच पापणीत परत आलेली. घरी पोचताच तिला फोन केला आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात घेऊन गेले. या वेळी काढलेला तुकडा लॅबला पाठवला. रिपोर्टमध्ये साधीच गाठ निघाली.