अक्र्याजवळ भेटलेला सोलापूरचा हापसा

मुलीकडे घानाच्या राजधानीत, अक्र्याला पोचलो तेव्हा जानेवारी होता. सहाराकडून हरमॅटन वारा सुटलेला. सकाळी पुसलेल्या खुर्चीवर दुपारी बोटाने नाव लिहावं एवढी धूळ. खालच्या मजल्यावर एक अमेरिकन जोडपं राहायचं, दोघंही सत्तरीला टेकलेले, छातीवर काळी नावपट्टी. "बाबा, मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी आहेत," मुलगी म्हणाली. मी मनाला आतून कडी घातली.

ती कडी निघाली चहावरून. मी आग्रहाने वर बोलावलं आणि दोघांनी चहा-कॉफी वर्ज्य असल्याचं सांगितलं. सोलापूरकराने आता करायचं काय? मुलीने सोबोलो हे तिथलं सरबत पुढे केलं. लालभडक, आंबटगोड. चव घेतली तर ही आपली लाल अंबाडी! मग गप्पा रंगल्या.

त्यांना सगळे एल्डर आणि सिस्टर म्हणत. आयडाहोतल्या गाई विकून अठरा महिन्यांसाठी आलेले. भाडं, किराणा, सगळं स्वतःच्या पैशांनी. दारोदार फिरायचं काम विशी-बाविशीच्या पोरांचं. या दोघांकडे त्या पोरांच्या खोल्या. मच्छरदाण्या फाटल्यात का, गॅस संपलाय का, घरमालक का भांडतोय. सिस्टर खोल्यांचे संडास तपासायची. "देवाची सेवा बरीचशी फिनेलने होते," ती म्हणाली. बाकीचा दिवस अक्र्याचा ट्रॅफिक खायचा.

त्यांच्या चर्चबद्दल मी आडवळणाने विचारलं, एल्डरने सरळ उत्तर दिलं. जून १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना तिथे पुरोहितपद मिळत नव्हतं. घानात मात्र जोसेफ विल्यम बिली जॉन्सनसारखे लोक १९६४ पासून, कुणी पाठवलेलं नसताना, हाच धर्म सांगत होते. बंदी उठल्यावर त्याच वर्षाअखेर पश्चिम आफ्रिकेत जे पहिले मिशनरी आले, ती दोन प्रौढ जोडपीच होती. चौदा वर्षं वाट पाहणाऱ्यांना ते काय म्हणाले असतील, हे मला अजून सुचलेलं नाही.

एका शनिवारी ते मला दोडोवाच्या पुढच्या एका खेड्यात घेऊन गेले. विहिरीवर बाया पिवळे डबे घेऊन रांगेत. अध्यक्ष कुफोर यांच्या काळातल्या पाणीटंचाईत हे डबे घरोघरी झाले, म्हणून त्यांना म्हणतातच 'कुफोर गॅलन'. रांगेच्या टोकाला पाहिलं आणि थबकलो. हापसा! तीच लांब दांडी, तीच चौकोनी पेटी. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यात काढली, हा मला अंधारातही ओळखू येईल.

एल्डरला म्हटलं, हा आमच्याकडचा. जालना-सोलापूर भागात मिशनऱ्यांच्या पाणीकामातून पोलादी हापसा घडत गेला, आणि सोलापूरच्या त्या पंपावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' झाला. घानाच्या पाण्यात जस्ती पाइप गंजायचे, म्हणून इथे स्टेनलेसचे पाइप बसवून त्याचा घाना अवतार केला. एल्डर माझ्याकडे बघतच राहिले. मिशनऱ्यांचा हापसा एका मिशनऱ्याला मी, गणपतीवाला, समजावून सांगत होतो.

पण दांडी जड लागली. पाणीसमितीची एक बाई पाना घेऊन आली. झाकण उघडलं. साखळी कोरडी ठणठणीत. बोअर मारायला सगळे येतात, फोटो निघतात, फीत कापली जाते. वंगण घालायला कुणी येत नाही. हे मी आमच्या तालुक्यातही उभी हयात पाहिलं. तिने ग्रीसचा डबा आणला, मी बाह्या सरसावल्या. तिचे हात माझ्यापेक्षा सफाईदार होते. मला तिने वार विचारला. जन्म मंगळवारचा, म्हणून मी 'क्वाबेना' झालो.

सुट्या भागांच्या पेटीत फक्त दोन वायसर निघाले. एल्डरला म्हटलं, पुढच्या खेपेला दहा तरी आणा. त्यांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं. त्यांची मुदत मेमध्ये संपत होती.