बंद टॉकीजची केबिन

नागपुरात ऑटोवाल्याला ‘व्हरायटी चौक’ एवढंच सांगितलं तरी तो बर्डीवर बरोबर आणून सोडतो. चौकाचं नाव एका टॉकीजवरून पडलं, हे मात्र नव्या पोरांना सांगावं लागतं. सिनेमाच्या धंद्यातली नावंच अशी चिवट आहेत. विदर्भाच्या वितरण क्षेत्राला आजही ‘सीपी-बेरार’ म्हणतात, आणि सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार हा प्रांत तर 1950 मध्येच नकाशावरून गेला.

जुन्या टॉकीजचा विषय निघाला की बाल्कनी, कूलरमधल्या वाळ्याचा वास, मध्यंतरातले समोसे यांवर गप्पा रंगतात. केबिनची, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीची, आठवण कुणी काढत नाही. खरी मेहनत तर तिथे, बाल्कनीच्या डोक्यावरच्या त्या तापलेल्या खोलीत चालायची, म्हणून तिच्याबद्दल नीट लिहायचं आहे.

केबिनमध्ये दोन मशिनं, म्हणजे प्रोजेक्टर, असत, बहुधा फोटोफोन किंवा वेस्ट्रेक्सची. दोन का, ते हिशोबावरून कळतं. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 90 फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. दोन रिळं जोडून केलेलं डबल बावीस मिनिटं चालतं. चौदा हजार फुटांच्या हिंदी सिनेमाची सात डबल होतात आणि त्यात सहा ठिकाणी मशीन बदलावं लागतं. मध्यंतराचा एक बदल सोडला तर एका खेळात पाच चेंजओव्हर, चार खेळांचे वीस.

चेंजओव्हरची खूण पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात चमकायची. एक छोटा ठिपका, जेमतेम चार फ्रेमांचा. पहिला ठिपका रीळ संपायच्या सुमारे आठ सेकंद आधी: दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करा. दुसरा साधारण सेकंदभर आधी: याचं गेट, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो ती खिडकी, बंद, त्याचं उघडा. दुसरा ठिपका हुकला की पडदा पांढरा आणि खाली शिट्ट्या. प्रिंट जुनी झाली की रिळांची टोकं तुटून ठिपके उडून जात. मग ऑपरेटर फिल्मवर स्वतःच ओरखडा काढून खूण करायचा. पडद्यावर मध्येच दिसणाऱ्या त्या वेड्यावाकड्या फुल्या म्हणजे ऑपरेटर लोकांची अक्षरं होती.

उजेड कार्बनचा. पॉझिटिव्ह कांडी 8 मिमी, निगेटिव्ह 7 मिमी, वर तांब्याचा पातळ मुलामा. रेक्टिफायरमधून साठेक अँपिअरचा डीसी करंट द्यायचा, टोकं क्षणभर टेकवून मागे घ्यायची, की आर्क, म्हणजे दोन टोकांमधला प्रखर उजेड, पेटला. कांड्या जळत जातात तसं अंतर वाढतं, आणि ते वाढलं की चित्र मंद होतं. फार जवळ आल्या तर आर्क फुसफुसतो. पेटलेलं टोक आरशाच्या बरोबर समोरून सरकलं की पडद्याची एक बाजू निळसर किंवा तपकिरी दिसते. फीड मोटर असली तरी डोळ्यांवर काळी काच धरून सारखं बघत राहावं लागायचं. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना या आर्कशेजारी चार खेळ काढणं सोपं नव्हतं.

फिल्म भरताना सगळी मदार लूपवर. स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाकं, फिल्म सलग ओढतात, पण गेटमध्ये ती फ्रेमफ्रेमने थांबत सरकते. तो धक्का झेलायला गेटच्या वर आणि खाली फिल्मची सैल कमान ठेवतात, तोच लूप. वरचा लूप गेला तर फिल्मच्या कडेची भोकं फाटतात. खालचा चुकला तर आवाज बिघडतो, कारण आवाज वाचणारा दिवा गेटपासून वीसेक फ्रेम पुढे असतो. एका फ्रेमचा फरक म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. दोन-तीन फ्रेम चुकल्या की ओठ आणि शब्द यांची फारकत होते, आणि प्रेक्षक दोष देतो सिनेमाला.

2005 च्या सुमारास उपग्रहावरून सिनेमे येऊ लागले. पुढच्या आठ-दहा वर्षांत नव्या सिनेमांच्या प्रिंट निघणं जवळपास थांबलं. मशिनं भंगारात किलोवर गेली. काही केबिनमध्ये फिल्मचे डबे मात्र तसेच पडून आहेत. असे डबे कुणाच्या हाती लागले तर कृपा करून घाई करू नका.

डबा मोकळ्या हवेत उघडा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट, म्हणजे फिल्मचं प्लास्टिक, कुजतंय. हा आंबटपणा शेजारच्या रिळांनाही लागतो, म्हणून ते रीळ वेगळं ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, वाफ आत कोंडून कुजणं वाढतं. फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ अशी अक्षरं शोधा. ती नसतील आणि सिनेमा 1951 च्या आधीचा असेल तर फिल्म नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणारी, असू शकते. फिल्म चिकट झाली असेल, तपकिरी भुगा पडत असेल तर हात लावू नका. फार कुजलेलं नायट्रेट 41 अंशांच्या आसपास बराच काळ राहिलं तर आपोआप पेटू शकतं, आणि पाणी टाकूनही विझत नाही. पत्र्याखालच्या केबिनमध्ये आपल्या उन्हाळ्यात एवढं तापमान सहज होतं. अशा वेळी अग्निशमन दलालाच बोलवा.

चांगली दिसणारी फिल्मही लगेच मशीनवर चढवू नका. सपाट टेबलावर पट्टीने मोजा: 100 भोकांची लांबी 475 मिमी असायला हवी. 470 च्या आसपास किंवा खाली असेल तर ती आक्रसली आहे, स्प्रॉकेट तिची भोकं फाडणार. मशीनचं सोडाच, रीळ गुंडाळायच्या रिवाइंडरवरही जोरात फिरवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. आणि गंजलेला डबा टाकून देण्याआधी झाकणावरचा कागद वाचा, त्याचा फोटो काढा, निघाला तर जपून ठेवा. सिनेमाचं नाव आणि रीळ क्रमांक कित्येकदा फक्त तिथेच लिहिलेला असतो.