कॉलेजचा प्रशिक्षक

"एवढा मोठा खेळाडू, आणि शेवटी कॉलेजच्या मुलींना शिकवत बसला?" १९८०च्या ऑलिंपिकमधील अमेरिका–सोव्हिएत संघ आइस हॉकी सामन्याची चित्रफीत पाहताना आज एका मित्राने अमेरिकेच्या मार्क जॉन्सन यांच्याविषयी सहज म्हटलेले हे वाक्य मला दिवसभर खुपत राहिले.

पहिले सत्र संपायला जेमतेम एक सेकंद उरला असताना, सोव्हिएत गोलरक्षक त्रेत्याकच्या पॅडवर आपटून परतलेली चकती मार्क जॉन्सन यांनी दोन बचावपटूंच्या मधून मुसंडी मारत गाठली आणि बरोबरी साधली. त्या ४–३ विजयात त्यांचे दोन गोल होते.

एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये ११ हंगाम खेळलेल्या या माणसाने २००२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचा महिला संघ हाती घेतला आणि २००६ ते २०२५ या काळात त्याला ८ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. मुलींना शिकवणे ही उतरण आहे, असे आपण इतक्या सहज कसे मानतो? २०१८ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी हिलरी नाइट त्यांच्याच हाताखाली घडली.