जुनी गिटार गोड वाजते, खरं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बेळगावात गिटार शिकवायला बसलं की हा प्रश्न चुकत नाही: "सर, गिटार जुनी झाली की आवाज खुलतो म्हणे, खरं काय?"

खुलतो, पण कुठली गिटार ते आधी बघा. आवाजाच्या भोकाची कड उजेडात धरा. टॉपवरच्या, म्हणजे पुढच्या फळीवरच्या, बारीक उभ्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या असतील तर लाकूड अखंड. थरावर थर दिसले तर प्लाय, आणि शिकाऊ पोरांकडे बहुतेक प्लायच असतं. त्याचा आवाज वयाने फारसा बदलत नाही.

अखंड स्प्रूसचं (टॉपसाठी वापरतात ते सूचीपर्णी झाडाचं लाकूड) वेगळं. त्यातलं हेमिसेल्युलोज, म्हणजे लाकडातला एक घटक, वर्षानुवर्षं हळूहळू विघटित होतं. फळी किंचित हलकी होते, हवेतला ओलावा कमी पिते, म्हणून आवाज खुलतो. हल्ली काही कंपन्या हेच घाईने उरकतात, कमी ऑक्सिजनमध्ये लाकूड भाजून.

वाजवून वाजवून खुलते, यावर मात्र माझा तितका विश्वास नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यंत्र लावून थरथरवलेल्या गिटारी आणि तशाच ठेवलेल्या गिटारी यांतला फरक वाजवणाऱ्यांना ओळखता आला नाही. रोजच्या रियाजाने हात सुधारतो आणि कौतुक लाकडाचं होतं. तंबोऱ्याचंही तेच: मिरजेहून जवारी काढून (तारांखालची घोडी घासून नीट करून) आणली की घरातला जुना तंबोरा बोलायला लागतो, आणि लोक म्हणतात, वय बोलतंय!

आपल्याकडे वयापेक्षा पाऊस जास्त बोलतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आषाढात गिटार भिंतीला टांगून ठेवा आणि मग बघा. टॉप फुगतो, ब्रिजच्या (तारा अडकवायच्या पट्टीच्या) मागे पोट येतं, तारा उचलल्या जातात, बार धरताना (एका बोटाने सगळ्या तारा दाबताना) बोटं रडकुंडीला येतात, आवाज बसका. तीच गिटार एप्रिलमध्ये अथणीला न्या: लाकूड आकसतं, फ्रेटची (नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं तळहाताला खुपतात, टॉपला तडाही जाऊ शकतो. जिल्हा एकच बरं का! आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर गिटार सुखात असते. म्हणून वाजवून झाली की केसमध्ये.

जुन्यातल्या रद्दी गिटारी केव्हाच मोडीत गेल्या, चांगल्या तेवढ्या राहिल्या, हेही विसरू नका. तेव्हा गोव्याहून कुणी "तीस वर्षं जुनी" म्हणून आणली, तर नेक सरळ आहे का, ब्रिज सुटलाय का ते बघा, नव्या तारा चढवून ऐका. पैशाचं त्यानंतर.