खाडी उतरायची, सडा चढायचा

आमच्या सायकल सहलीसाठी नवीन माणसाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आंबोली घाट जमेल ना हो?" किनाऱ्याबद्दल कोणी विचारत नाही. समुद्राकाठचा रस्ता सपाटच असणार, अशी समजूत. मी गुहागरचा असूनही पहिल्या वर्षी माझीही तीच होती.

पुण्यातली नोकरी सोडून धाकट्या भावाबरोबर सायकल सहलींचा हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमच्याकडे सहा सायकली आणि एक जुना छोटा हत्ती टेम्पो होता. अलिबागहून किनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत जायचं आणि सावंतवाडीवरून आंबोली चढून थांबायचं, असा बेत. नकाशावर अंतर मोजलं आणि रोज नव्वद किलोमीटर धरून सहा दिवसांत बसवलं.

चूक तिथेच झाली. आपला किनारा सलग नाही. सावित्री, वासिष्ठी, शास्त्री अशा नद्यांच्या खाड्यांनी तो जागोजागी कापलाय. गावं खाली पाण्याशी, मध्ये जांभ्याचे उघडे सडे, म्हणजे उंचावरची सपाट कातळ पठारं. त्यामुळे गाव सोडलं की सडा चढायचा, पुढच्या खाडीला परत उतरायचं, वेसवीला, दाभोळला, तवसाळला फेरीबोट धरायची आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा चढ. आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे आणि त्या घाटाचा चढ एकसारखा आहे, एकदा लय सापडली की पाय चालत राहतात. किनाऱ्यावर लय सापडते न सापडते तोच उतार लागतो. रोजचे हे तुकडे जोडले तर आंबोलीच्या कितीतरी पट चढाई होते.

पहिल्याच सहलीत तवसाळच्या धक्क्यावर बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई खालीच बसल्या. टी-शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे, दोन्ही पोटऱ्यांत गोळे. म्हणाल्या, "दादा, नकाशात एवढे डोंगर नव्हते." मला तेव्हा काही बोलता आलं नाही. त्यांना गाडीतून जयगडला आणि पुढे गणपतीपुळ्याला नेलं. घरी आल्यावर त्यांचे पैसे परत केले आणि भावाला घेऊन पूर्ण रस्ता पुन्हा चालवला. प्रत्येक चढ वहीत लिहिला. आरे-वारेचा चढ तर दोनदा, एकदा सकाळी, एकदा भर दुपारी. तीच वही आजही आमचा खरा नकाशा आहे.

उन्हापेक्षा दमट हवा जास्त थकवते. घाम वाळतच नाही, मग अंग थंड व्हायचं कसं? महागडी पावडर देऊन पाहिली, पण टिकली ती पेज. पहाटे गरम उकड्या तांदळाची पेज, वर मीठ, बाजूला लोणचं. ज्यांच्याकडे आम्ही उतरतो त्या काकू पाचला चूल पेटवतात. खारी हवा सायकललाही सोडत नाही. मालवणात रात्रभर उघडी ठेवलेली चेन सकाळी तांबूस दिसते. म्हणून भाऊ रोज संध्याकाळी प्रत्येक सायकल गोड्या पाण्याने धुतो, पुसतो, चेनला तेल देतो आणि ब्रेक पॅड तपासतो. जांभ्याची धूळ ते लवकर खाते, आणि धक्क्यावरचा उतार सरळ पाण्यात जातो.

2020 साली टाळेबंदीने सहली थांबल्या आणि 3 जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. आम्ही ज्यांच्या ओसरीवर जेवायचो त्यांच्या घरावर पत्रा राहिला नव्हता. छोटा हत्ती त्या पावसाळ्यात ताडपत्र्या आणि कौलं वाहत होता. त्या घरांशी जुळलेलं नातं धंद्यापलीकडचं आहे, हे मला तेव्हा कळलं.

आता हीच सहल नऊ दिवसांची आहे. एका वेळी दहाच माणसं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नोंदणी करताना आम्ही रोजचे किलोमीटर नंतर सांगतो, आधी प्रत्येक दिवसाचे चढ वाचून दाखवतो. तवसाळच्या त्या ताई तिसऱ्या वर्षी पुन्हा आल्या, बोटीत चढण्याआधी त्यांनी दोन वाट्या पेज मागून घेतली आणि जयगडचा चढ सायकलवरूनच पार केला.