बांधलेल्या संकेतस्थळांची निगा : आमची वाटचाल

आमची संस्था संकेतस्थळे बांधून देत नाही. बांधून झालेल्या संकेतस्थळांवरचा मजकूर सांभाळते. नारायण पेठेतील दोन खोल्यांत हे काम सुरू केले, तेव्हा पुण्यात संकेतस्थळ तयार करून देणाऱ्यांची वाण नव्हती. परंतु त्यावरील दरपत्रक, प्रवेशाच्या तारखा, शाखांचे पत्ते आणि लेख वेळच्या वेळी बदलण्याची जबाबदारी बहुतेक ठिकाणी कोणाकडेच नसे.

पहिली कामे अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशकांकडून मिळाली. त्यांच्याकडे मजकूर भरपूर होता, पण तो छपाईसाठी जुन्या फॉन्टमध्ये बसवलेला. अशा फॉन्टमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. त्यामुळे मजकूर उचलून संकेतस्थळावर ठेवला की अर्थहीन चिन्हांची रांग उमटते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणात, देवनागरी १९९१ पासून आहे, तरी छपाईच्या कामात जुने फॉन्ट पुढे कित्येक वर्षे टिकून राहिले. रूपांतराची साधने उपलब्ध होती, पण त्यांतून रफार शेजारच्या अक्षरावर जाणे, पहिली वेलांटी सरकणे आणि ‘ऱ्य’ तुटणे हे हमखास होई. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले. त्यापूर्वी ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिले जात असे. दोन्ही रूपे सारखीच दिसतात, मात्र साध्या शोधसुविधेला ती निरनिराळी वाटतात आणि ‘ॲकॅडमी’ शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परततो. म्हणून आम्ही पहिला पगारी माणूस तंत्रज्ञ न घेता छापखान्यात मुरलेला मुद्रितशोधक घेतला. पानाची भाषा हिंदी म्हणून नोंदवलेली असली तर काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात, हे त्यांच्याच नजरेने टिपले. ती नोंद बदलणे क्षणाचे काम असते. खटकायला मात्र मराठी वाचणारा माणूस लागतो.

प्रारंभी आम्ही लेखागणिक पैसे घेत होतो. पुढे खासगी शिकवण्या, फराळाचे उत्पादक आणि पतसंस्था ग्राहक झाल्या, तेव्हा असे दिसले की आमचा निम्म्याहून अधिक वेळ नवे लिहिण्यात नव्हे, तर जुने काढण्यात जातो : संपलेली सवलत, गतवर्षीचे शुल्क, बदललेला व्याजदर. काढलेल्या ओळीचे पैसे द्यायला कोणी सहजासहजी तयार होत नाही. त्यामुळे आम्ही मासिक मानधनाची पद्धत स्वीकारली आणि प्रत्येक पानाला पुढील तपासणीची तारीख लावली. काही ग्राहक तेवढ्यावरून सोडून गेले; जे राहिले ते अजून आहेत.

ई-मेलने जाणाऱ्या वार्तापत्रांचे काम सर्वांत नाजूक आहे. प्रदर्शनात गोळा केलेल्या व्हिजिटिंग कार्डांवरील पत्त्यांवर वार्तापत्र पाठवा, असा आग्रह आजही होतो आणि आम्ही तो मानत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या नोंदी सर्वांनाच आवश्यक केल्या आहेत. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना एका टिचकीत यादीतून नाव कमी करण्याची सोयही द्यावी लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. मराठी वार्तापत्राला आणखी एक अडचण असते. सुमारे १०२ केबीपेक्षा मोठे पत्र जीमेल मध्येच तोडते, आणि अक्षरे साठवण्याच्या नेहमीच्या सांकेतिक पद्धतीत (यूटीएफ-८) रोमन अक्षराला एक बाइट पुरतो तिथे देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन लागतात, म्हणजे काना-मात्रांनाही. सजावटीचे ओझे वाढले की आमचे पत्र इंग्रजी पत्रापेक्षा लवकर तुटते, आणि नाव कमी करण्याचा दुवा तळाशी असल्याने नेमका तोच झाकला जातो. यासाठी आम्ही वार्तापत्रात लेखाचा सारांश देतो, पूर्ण लेख संकेतस्थळावर ठेवतो आणि नाव कमी करण्याचा दुवा वरच्या बाजूलाही घालतो.

अलीकडे ग्राहकांकडून यंत्राने लिहिलेले कच्चे मसुदे येऊ लागले आहेत. त्यांतील शुद्धलेखन बरेचदा ठीक असते. दर, तारखा आणि नियम मात्र मूळ कागदाशी ताडल्याशिवाय आम्ही पुढे सरकवत नाही. त्यामुळे करारात आता एक अट घातली आहे : मजकुराला अंतिम मान्यता देणारी एकच व्यक्ती ग्राहकाने नेमावी आणि मूळ कागद तिने स्वतः आमच्याकडे पाठवावेत. ही अट मान्य नसल्यास आम्ही काम घेत नाही.